नाताळची सुटी, कोलकाता आणि पाच वाजताचा सूर्यास्त

वहीपूजन होते, नव्या वीर निर्वाण संवताच्या पहिल्या पानावर स्वस्तिक उमटते, ज्ञानपंचमी उलटते आणि मग व्यापारी घरांत पुढचे पाचसहा आठवडे कोणालाही मान वर करण्यास सवड राहत नाही. अशा धावपळीत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी मुले शाळेची सूचना घरी आणतात: अमुक तारखेपासून नाताळची सुटी. त्याच रात्री जेवणानंतर प्रवासाचा विषय निघतो, भ्रमणध्वनीवर गाड्या पाहिल्या जातात, सर्व वर्गांपुढे प्रतीक्षा यादीचे शंभराहून मोठे आकडे दिसतात आणि 'यंदा राहू द्या, उन्हाळ्यात पाहू' या वाक्याने बैठक संपते. उन्हाळ्यात पुन्हा लग्नसराई असतेच.

रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. २५ डिसेंबरला निघायचे असेल, तर खिडकी २६ ऑक्टोबरला उघडते. म्हणजे नाताळच्या प्रवासाचा निर्णय दिवाळीच्या आगेमागेच व्हावयास हवा. दिवाळीत सारे कुटुंब तसेही एकत्र असते. बाहेरगावी दिलेल्या लेकी आलेल्या असतात आणि जमाखर्चाचा अंदाज ताजा असतो. ज्या घरांत हा विषय वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी निघतो, त्या घरांतील मुले नाताळात खरोखरीच प्रवासाला जातात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कापड व्यापारी कुटुंबात गेल्या दिवाळीत असा विषय निघाला. घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी, दोन भाऊ, त्यांच्या पत्नी आणि तीन मुले. मुलांना 'मोठे शहर' पाहावयाचे होते. मुंबई आणि पुणे नेहमीचेच, गोव्यात त्या आठवड्यात पाय ठेवण्यास जागा नसते आणि आजींना तेथे करण्यासारखे फारसे काही नाही. थोरल्या सूनबाईंनी कोलकात्याचे नाव काढले आणि आजींनी फक्त एवढेच विचारले, "तेथून शिखरजी किती दूर?"

कोलकाता हे हिवाळ्यातच पाहावयाचे शहर आहे. उन्हाळ्यात तेथील दमट हवा माणसाला घामाने भिजवून टाकते आणि पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास ऊन असते, रात्री पारा चौदापंधरापर्यंत उतरतो. एक शाल आणि मुलांना स्वेटर एवढ्यावर काम भागते; त्या हवेतही माकडटोपी घालून फिरणारे बंगाली गृहस्थ पाहून महाराष्ट्रातील मुलांना गंमत वाटते. अहिल्यानगरच्या माणसाला आणखी एक सोय अशी की, पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस दौंडवरून त्याच्याच स्थानकात येते. मुंबईकरांसाठी नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल आणि गीतांजली एक्स्प्रेस आहेतच. यांपैकी गीतांजली ही १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना वर्गभेद नसलेली गाडी म्हणून सुरू झाली. आज तिलाही वातानुकूलित डबे आहेत, हा काळाचा महिमा.

तिकिटांविषयी एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तरी खालच्या बर्थचा राखीव कोटा चालू आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना तो मिळू शकतो. मात्र तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असले पाहिजेत. सहा जणांच्या तिकिटात आजींचे नाव घातले, तर त्या कोट्याचा विचारच होत नाही आणि आजींच्या वाट्याला वरचा बर्थ येण्याची शक्यता उरते. मग डब्यात अनोळखी तरुणांना विनवण्या कराव्या लागतात. वरील कुटुंबात आजी आणि पन्नाशीच्या थोरल्या सूनबाई यांचे तिकीट वेगळे काढले गेले. एका तिकिटावर सहाहून अधिक नावे बसत नाहीतच. तेव्हा दोन तिकिटे काढावयाची, तर ती अशी काढावीत.

आता खर्च. कौटुंबिक प्रवासाचा खर्च दुकानाच्या खात्यातून परस्पर होणे, ही व्यापारी घरांतील जुनी आणि वाईट सवय आहे. तिकिटे गल्ल्यातून, हॉटेल दुकानाच्या कार्डावरून, खरेदी रोखीने. आणि मार्चअखेरीस लेखापाल विचारतो की ही रक्कम कोणत्या नावे टाकावयाची. ती मालकाच्या उचल खात्यातच जावयाची. धंद्याचा खर्च म्हणून ती दाखविता येत नाही आणि हॉटेलच्या बिलावरील जीएसटीचे क्रेडिटही घेता येत नाही. सरळ मार्ग म्हणजे जानेवारीत घरच्या नावे आवर्ती ठेव उघडावी. आठ माणसांच्या प्रवासाचा अंदाज दीड लाख धरला, तर दरमहा १५,००० रुपयांप्रमाणे ऑक्टोबरपर्यंत दहा हप्त्यांत मुद्दल उभे राहते आणि आरक्षणाची खिडकी उघडते तेव्हा पैसा हातात असतो. व्याज किरकोळ मिळेल. परंतु 'यंदा जमेल का' हा प्रश्न दिवाळीत उरत नाही.

याला एक अपवाद आहे. कापडाचा व्यापारी कोलकात्यात गेला आणि बडाबाजारात पाऊल टाकले नाही, असे होणे कठीण. शांतिपूर, धनियाखालीची सुती साडी, विष्णुपूरची बालुचरी, यांचे घाऊक भाव प्रत्यक्ष पाहणे हे धंद्याचेच काम आहे. तो एक दिवस वेगळा ठेवावा, त्याचा खर्च वेगळा लिहावा, माल घेतला तर दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर पक्के बिल घ्यावे. पन्नास हजारांवरील माल राज्याबाहेर न्यावयाचा तर ई-वे बिल लागते. प्रवासी सामानाबरोबर गाठोडे बांधून आणण्याचे दिवस गेले.

दुकान कोणी सांभाळावे हा प्रश्न पैशाहून अवघड असतो. सुदैवाने डिसेंबरचा शेवटचा आठवडा या दृष्टीने सोयीचा आहे. अग्रिम कराचा तिसरा हप्ता १५ डिसेंबरला जातो, मासिक जीएसटीचे ३बी विवरण २० तारखेला भरले जाते, पुढचे विवरण जानेवारीच्या ११ तारखेला. मधले दिवस कागदोपत्री मोकळे. धनुर्मासामुळे लग्नाची खरेदीही बरीच मंदावते. धोका असतो तो दिलेल्या पुढील तारखांच्या धनादेशांचा. पूर्वी धनादेश भरल्यावर वटण्यास एकदोन दिवस जात आणि तेवढ्यात दुकानातून फोन करून रक्कम जमा करता येई. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश दिवसभर सतत वटणावळीत जातात. सकाळी भरलेल्याचा निकाल त्याच दिवशी लागतो. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत उभे असताना धनादेश परत गेल्याचा संदेश यावा आणि मागाहून कलम १३८ ची नोटीस यावी, असा प्रवास कोणालाच नको. निघण्यापूर्वी त्या दहा दिवसांत सादर होऊ शकणाऱ्या धनादेशांची यादी करून तेवढी शिल्लक खात्यात ठेवावी, दागिने लॉकरमध्ये ठेवावेत आणि मुनीमजींच्या हाती भरणा करण्याचा अधिकार द्यावा, काढण्याचा नव्हे. यात अविश्वास नाही. विश्वासू माणसाला संशयापासून दूर ठेवणे हेही मालकाचे कर्तव्यच.

पण खरा पेच मुनीमजींचा नव्हता. यादी करताना आजींनी सहज विचारले, "मागच्या वेळी कोण राहिले होते?" मागच्या वेळी धाकटा भाऊ राहिला होता. त्याच्या आधीच्या वेळीही तोच. हिशोब मागे मागे नेता असे निघाले की, सहा वर्षांत घरातील चार प्रवासांत धाकटा एकदाही गेला नव्हता. त्याची पत्नी आणि मुलगी जात, तो दुकानात. कोणी त्याला अडविले नव्हते. "मी थांबतो, तुम्ही जा" असे तो म्हणे आणि कोणी दुसऱ्यांदा विचारीत नसे. ज्या घरात अर्ध्या मीटर कापडाचीही नोंद होते, त्या घरात याची नोंद कोठेही नव्हती. थोरल्याने काही क्षण काहीच म्हटले नाही. नंतर ठरले ते असे: धाकटा सर्वांबरोबर २२ डिसेंबरलाच निघेल, थोरला २७ पर्यंत दुकान पाहील, २८ ला विमानाने कोलकात्यास येऊन मिळेल आणि पुढचे पाच दिवस दुकानाच्या दारावर पाटी लागेल. दुकानाला दिवाळीखेरीज पाच दिवस टाळे लागण्याची ही पहिलीच वेळ असावी. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती थोरल्याला वाटत होती. ती अगदीच निराधार नव्हती; पण धाकट्याला पुन्हा मागे ठेवणे हा उपाय आता राहिला नव्हता.

निवासाबाबत जैन कुटुंबांत तीन पर्याय निघतात: धर्मशाळा, हॉटेल किंवा 'आपले पाहुणे आहेत तेथे'. तिसरा पर्याय आठ माणसांसाठी सुचविणाऱ्याने यजमान गृहिणीचा विचार केलेला नसतो. एक दिवस भेटीस जावे, मिठाई न्यावी, परत यावे. बडाबाजार परिसरात राजस्थानी आणि गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या असल्याने कांदा, लसूण आणि कंदमूळ नसलेले जेवण मिळण्याची तेथे अडचण येत नाही. आरक्षण करताना मात्र सावध राहावे. यात्रास्थळांच्या धर्मशाळांची आणि हॉटेलांची खोटी संकेतस्थळे उघडून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार सर्रास होतात. संकेतस्थळावरील क्रमांकावर विसंबू नये, तेथे नुकत्याच जाऊन आलेल्या साधर्मिकाकडून क्रमांक घ्यावा, पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच भरावेत. कोणा एका व्यक्तीच्या नावे यूपीआय मागितला गेला की थांबावे. फसवणूक झालीच, तर पहिल्या तासाभरात १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली असता रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

आता शीर्षकातील सूर्यास्त. साऱ्या भारताचे घड्याळ एक आहे, सूर्य मात्र एक नाही. डिसेंबरच्या अखेरीस पुणे–अहिल्यानगर भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कोलकात्यात तो पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. सकाळीही तसेच: आपल्याकडे सात वाजता उगवणारा सूर्य तेथे सव्वासहाच्या आत वर आलेला असतो. चौविहार करणाऱ्या माणसाला हा एक तास फार महाग पडतो. महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबे सवयीने साडेपाचचा हिशोब मनात धरतात, चार वाजता वस्तुसंग्रहालयात शिरतात आणि बाहेर येतात तो अंधार. मुले खातात, तरुण खातात, आणि वडीलधारी मंडळी "आम्हाला भूक नाही" असे सांगून पाण्याशिवाय रात्र काढतात. असे दोन दिवस झाले की तिसऱ्या दिवशी आजी म्हणतात, "तुम्ही फिरून या, मी खोलीवरच बरी." त्या थकल्या असे सर्वांना वाटते. वास्तविक त्या उपाशी असतात.

म्हणून कोलकात्याचा दिवस त्याच्या सूर्याप्रमाणेच आखावा. नवकारशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, म्हणजे तेथे सातच्या सुमारास येते. पुण्याहून जवळजवळ पाऊण तास आधी. पूजा आणि नाश्ता आटोपून आठ वाजता बाहेर पडता येते. दुपारचे जेवण साडेअकराला, संध्याकाळचे चार ते साडेचार, आणि मग सगळ्यांनी मिळून बाहेर पडावे. कारण लवकर अंधार पडण्याचा एक लाभही आहे: पार्क स्ट्रीटवरील नाताळची रोषणाई, हुगळीकाठावरून दिसणारा हावडा पूल, ही सारी शोभा तेथे सहा वाजताच पाहावयास मिळते. आजींचे जेवण झालेले असते, मुलांची झोपेची वेळ झालेली नसते. पार्क स्ट्रीटवर मुले केकसाठी हट्ट धरणारच. तेथील जुन्या नामांकित बेकऱ्यांच्या केकमध्ये अंडे असते. अंडेविरहित केक शहरात मिळतो, तो दुपारीच आणून ठेवला तर रस्त्यावर वाद होत नाही.

बंगाली खाद्यपदार्थांविषयी महाराष्ट्रातील जैन घरांत भीती अधिक आणि माहिती कमी असते. मासळीचा देश एवढीच ओळख. परंतु 'निरामिष' हा शब्द बंगाली स्वयंपाकघरात जुना आहे, आणि परंपरेने त्यात कांदालसूणही येत नाही. बटाटा मात्र येतो, म्हणून विचारावेच लागते. नारळाचे काप घातलेली हरभऱ्याची डाळ आणि लुची, उडदाच्या डाळीचे सारण भरलेली राधावल्लभी, हे पदार्थ आपल्याला परके वाटू नयेत. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी लागतो, तिसऱ्या दिवशी लागत नाही. मिष्टी दोई कधी लावले हे विचारून घ्यावे. दोन रात्री उलटलेले दही न घेणाऱ्यांसाठी तो प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि दुकानदार त्याचे उत्तर राग न मानता देतात.

पाहण्याच्या स्थळांची यादी येथे देण्याचे कारण नाही. ती कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळते. काही गोष्टी मात्र व्यापारी जैन कुटुंबाने मुद्दाम पाहाव्यात. गौरीबाडीतील श्री शीतलनाथांचे मंदिर, ज्याला शहरातील सर्वसामान्य माणूस 'पारसनाथ मंदिर' म्हणूनच ओळखतो, ते रायबहादूर बद्रीदास मुकीम यांनी १८६७ मध्ये बांधले. काचांच्या तुकड्यांनी मढविलेले खांब आणि छत, रंगीत फरशी, पुढे तलाव आणि बाग. आणि गाभाऱ्यात प्रतिष्ठेपासून अखंड तेवत असल्याचे सांगितले जाणारे दीप. दुपारी मंदिर बंद असते, तेव्हा सकाळीच जावे. बेलगाछियाचे दिगंबर मंदिरही तसेच शांत आणि प्रशस्त असून मेट्रो स्थानकाजवळ आहे.

मुलांना बँकिंगचा इतिहास शिकवावयाचा असेल, तर त्याला या शहरासारखे दुसरे स्थळ नाही. १८०६ मध्ये येथे बँक ऑफ कलकत्ता निघाली, १८०९ मध्ये ती बँक ऑफ बेंगॉल झाली. १९२१ मधील इम्पीरियल बँक आणि १९५५ मधील स्टेट बँक ही तिचीच पुढची रूपे. रिझर्व्ह बँकेचे मुख्य कार्यालयही १९३५ ते १९३७ येथेच होते, आणि तिने उभारलेले नाण्यानोटांचे संग्रहालय आता कौन्सिल हाउस स्ट्रीटवर आहे. त्याहूनही मागे जावे तर मुर्शिदाबादचे जगत्‌शेठ. नागौरहून आलेल्या या ओसवाल जैन घराण्यातील फतेहचंदांना १७२३ मध्ये मोगल बादशहाकडून 'जगत्‌शेठ' ही पदवी मिळाली. त्यांच्या हुंड्या साऱ्या उत्तर हिंदुस्थानात चालत. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची एक तुकडी मीर हबीबबरोबर मुर्शिदाबादेत शिरली आणि तिने याच जगत्‌शेठांची पेढी लुटली. मराठ्यांच्या भीतीने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला, तो 'मराठा डिच'. 'बर्गी' येतील म्हणून बाळाला भीती घालणारे अंगाईगीत बंगालीत आजही म्हटले जाते. मराठी बोलणाऱ्या जैन कुटुंबाने हा इतिहास कोणत्या बाजूने ऐकावा, हा प्रश्न मुलांपुढे ठेवण्यासारखा आहे. लुटणारे आपल्या प्रांताचे, लुटला गेलेला आपल्या धर्माचा. उलट बाजूही सांगावी: रवींद्रनाथांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ ठाकूर, सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय, यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. ठाकूरांचा जोडासाँको येथील वाडा बडाबाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोठे आकर्षण बहुधा नदीखालून जाणारी मेट्रो ठरते. भारतातील पहिली मेट्रो १९८४ मध्ये याच शहरात धावली. हुगळीच्या तळाखालील मार्ग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. नदीखालचा प्रवास मिनिटभराचाही नसतो. मुलांनी सेकंद मोजावेत. भारतीय संग्रहालय, म्हणजे तेथील 'जादूघर', १८१४ पासूनचे. ते आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने सोमवारी बंद असतात. अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोन दिवशी सारे शहर लोटते. त्या दिवशी तिकडे न फिरकणे उत्तम.

राहिले शिखरजी. यात्रा आणि पर्यटन यांची सांगड घालावयाची की नाही, याविषयी मतभेद आहेत. जानेवारी २०२३ मध्ये शिखरजीला पर्यटनस्थळ करू नये म्हणून देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, आणि ५ जानेवारीला केंद्र शासनाने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. ज्या घरांनी त्या बंदमध्ये भाग घेतला, त्याच घरांनी शिखरजीला प्राणिसंग्रहालय आणि मॉल यांच्या मधल्या मोकळ्या अर्ध्या दिवसात कोंबावे, हे शोभत नाही. त्यासाठी पूर्ण तीन दिवस हवेत. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेला हा पहाड झारखंडातील गिरिडीह जिल्ह्यात, सुमारे १,३६५ मीटर उंच आहे. हावड्याहून धनबाद–गया मार्गावरील पारसनाथ स्थानकावर उतरून मोटारीने मधुबनला जावे लागते. चढण, सर्व टोंकांचे दर्शन आणि उतार मिळून साधारण सत्तावीस किलोमीटर होतात. पहाटे तीनचारला निघावे लागते, थंडी कोलकात्याहून बरीच अधिक असते, आणि बहुतेक भाविक पहाडावर अन्न घेत नाहीत. आजींसाठी डोली मिळते. डोली घेणे म्हणजे यात्रेत काही उणे राहिले असे मानणारे लोक असतात. ते बहुधा चाळिशीचे असतात.

पंचांगही पाहावे. श्री पार्श्वनाथांचे जन्मकल्याणक मार्गशीर्ष वद्य दशमीला, उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे पौष कृष्ण दशमीला, येते. ही तिथी कधी डिसेंबरच्या मध्यावर, कधी ऐन नाताळात, तर कधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडते. ज्या घरात कोणी अठ्ठम करणारे असेल, त्यांनी तिकिटे काढण्यापूर्वीच तिथी जुळवून घ्यावी. तीन उपवासांच्या मध्ये दोन रात्रींचा रेल्वेप्रवास आला, तर तपस्व्याचेही हाल आणि बरोबरच्यांचेही.

शिखरजी आधी की कोलकाता आधी, यावर त्या कुटुंबात दोन रात्री चर्चा झाली. ताज्या अंगाने पहाड आधी चढावा, असे धाकट्याचे मत. परंतु प्रयागराजमार्गे थेट पारसनाथला जाणाऱ्या गाड्या डिसेंबरच्या धुक्यात तासन्‌तास रखडतात; नागपूरमार्गे हावडा हा मार्ग त्यामानाने बरा. शिवाय पहाड उतरल्यावर दोन दिवस पायऱ्या पाहिल्या तरी पोटऱ्या दुखतात, त्या स्थितीत संग्रहालये पाहण्यात अर्थ नाही. शेवटी थोरल्याच्या येण्याने प्रश्न सुटला: २८ ला तो कोलकात्यात, २९ ला सर्व मिळून मधुबन, ३० ला पहाड, ३१ ला परत. पारसनाथहून हावड्याकडे येणाऱ्या गाड्या उत्तरेतून येतात आणि त्याच धुक्यातून येतात, म्हणून परतीची मूळ गाडी १ तारखेची न घेता २ जानेवारीची घेण्यात आली.

मध्ये राहिलेला १ जानेवारीचा दिवस कशासाठी, असे मुलांनी विचारले. तो गाडीला उशीर झाला तर त्यासाठी; आणि न झाला तर पाय पसरून बसण्यासाठी, राहिलेल्या खरेदीसाठी. हिवाळ्यातील खजुरी गुळाचा, 'नोलेन गुडा'चा संदेश अहिल्यानगरला नेण्याचा बेत सर्वच जण करतात. मऊ संदेश दोन दिवसांच्या गाडीत टिकत नाही. शेजारीपाजारी वाटण्यासाठी त्याच गुळाच्या घट्ट ढेपी, ज्यांना तेथे 'पाटाली' म्हणतात, त्या घ्याव्यात आणि संदेश स्थानकावर जाण्यापूर्वी तेथेच, सूर्यास्ताआधी खावा.